सखूकाकीचं बियाणं आणि माझ्या माश्या

मी सात वर्षं माश्या पाळायची नोकरी केली. हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "मध किती निघायचा?" मध निघत नसे. उलट माश्यांनाच मधाचं बोट लावून जगवावं लागे. माझ्या माश्या मोहरीच्या दाण्याएवढ्या, काळ्या, पटकन नजरेत न भरणाऱ्या. काचेच्या बरणीत दोनशे असल्या तरी पाहुण्याला बरणी रिकामीच वाटायची. सरकारी कागदावर मी क्षेत्रसहायक होतो. पालघर ते बोईसरच्या दरम्यानची खेडी मला आधी पावडरवाला म्हणत, नंतर माशीवाला म्हणू लागली. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा गमतीचे दोन-चार प्रसंग लिहावेत असं मनात होतं. लिहायला बसलो आणि सखूकाकीच आठवत राहिली. तेव्हा तिचंच लिहितो.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

कडधान्यातला भुंगा प्रत्येक घरानं पाहिलेला असतो. वाल, चवळी, मूग, कशाचाही डबा उघडला की ठेंगणा तपकिरी किडा लगबगीनं पळतो. तो स्वतः दाणा खात नाही. त्याची मादी दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यासारखं अंडं चिकटवते. त्यातून निघालेली अळी सरळ दाण्यात शिरते आणि आतलं पीठ खात तिथंच वाढते. बाहेरून दाणा शाबूत दिसतो. महिन्याभरानं गोल भोक पाडून भुंगा बाहेर पडतो तेव्हा आत जवळजवळ टरफलच उरलेलं असतं. पावसाळ्यात, हवेत ओल असते तेव्हा, पोतंच्या पोतं असं आतून पोकळ होतं.

माझी माशी गांधीलमाशीच्या कुळातली, पण माणसाला डंख न करणारी. ती दाण्यांवरून चालते, मिशांनी ठोकून ठोकून आतली अळी हुडकते आणि शेपटाकडची सुई टरफलातून आत घालून अळीच्या अंगावर अंडं ठेवते. मग भुंग्याच्या अळीला माशीची अळी खाते आणि त्या दाण्यातून भुंग्याऐवजी माशी बाहेर येते. तो दाणा वाचत नाही. पुढचे वाचतात. एवढं समजावता समजावता माझी अर्धी नोकरी गेली. पालघरच्या एका वाण्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ढेकणांवर चालेल का?" नाही म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला.

पण माश्यांच्या आधी पावडर होती. मी मूळचा माणदेशातला. नोकरी लागून पालघरला आलो तेव्हा देशात धान्याची टंचाई होती, रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळत होती आणि घराघरातलं धान्य किडीपासून वाचवा, असा वरून हुकूम होता. पाठीवर पत्र्याचा डबा, हातात भाता, तोंडाला रुमाल, अशा थाटात मी गावोगाव फिरे आणि धान्याच्या खोल्यांत उग्र वासाची पांढरी पावडर मारे. लोक आदरानं बाजूला होत. मलाही ते आवडायचं, हे कबूल करतो.

अशाच फेरीत सखूकाकी भेटली. उमरोळीहून समुद्राकडे सायकलनं तासाभराच्या वाटेवर तिचं गाव. पन्नाशी उलटलेली विधवा, हाडं मोठी, आवाज बारीक. घरात मुलगा महादू आणि सून. गावाच्या खालच्या अंगाला खाजण होतं, म्हणजे खाडीच्या कडेची, बांध घालून भरतीपासून राखलेली खारट जमीन. भात कापल्यावर त्या ओलीत इतरांचा वाल हातभर वाढून पिवळा पडे. सखूकाकीचा वाल तिथं शेंगांनी लवायचा. दाणा बारीक, तांबूस, एका बाजूला काळसर डाग. तिच्या सासूनं जपलेलं ते बी. खाजणात वावर असलेली दुसरी सात घरं दर कार्तिकात तिच्याच दारात बियाण्याला यायची आणि सगळी त्याला "सखूचा वाल"च म्हणायची.

मी तिच्या माळ्यावर चढलो तेव्हा बांबूच्या मोठ्या कणगीभोवती बारीक काळी चिलटं उडत होती. कणगीच्या बुडाशी गेल्या वर्षीचे मूठभर भोकं पडलेले दाणे तसेच होते.

"काकी, हे किडकं आधी काढायला हवं होतं. इथूनच कीड पसरते," मी म्हणालो.

"आमी बुडाला जुनं ठेवतोच, भाऊ. सासूनं तसं सांगितलेलं हाय."

"सासूच्या वेळी ही पावडर नव्हती."

"मारा पावडर. पण त्या चिलटांवर नका मारू. ती आमच्या घरातली हायत. ती असली का भुंगा जास्त नाय होत."

मी हसलो. चांगला मोकळेपणानं हसलो. मग कणगी झाडून काढली, बुडातलं जुनं चुलीत टाकलं आणि माळ्याचा कोपरा न् कोपरा पांढरा केला. खाली उतरलो तेव्हा सखूकाकी अंगणात पाठमोरी उभी होती. तिनं मला चहा दिला.

पुढच्या वर्षी पालघरला आमच्या खात्यानं एक लहानसं केंद्र काढलं. जुन्या कौलारू घरातल्या तीन खोल्या, दोन टेबलं, एक सूक्ष्मदर्शक आणि दाभोळे साहेब. साहेब शांत माणूस होते, चष्मा कपाळावर ठेवून शोधत बसणारे. त्यांनी मला फिरतीतून काढून हाताखाली घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वालाचा दाणा ठेवला आणि म्हणाले, "बघा."

दाण्यावर एक काळी माशी मिशा आपटत चालली होती. थांबली, पोट वाकवलं आणि टरफलात सुई घातली.

"ही भुंग्याची वैरीण," साहेब म्हणाले. "जुन्या घरांतून, कणगीच्या बुडाशी ठेवलेल्या किडक्या दाण्यांत, आपोआप टिकून असते. लोकांना वाटतं चिलटं आहेत. पावडरीनं भुंग्याआधी हीच मरते. भुंगा शेतातल्या शेंगांतून पुन्हा घरात येतो. ही मात्र सहजासहजी परत येत नाही."

मी डोळा काढला नाही, कारण वर बघितलं असतं तर साहेबांना माझा चेहरा दिसला असता.

त्याच रविवारी मी सखूकाकीकडे गेलो. पावसाळा संपत आला होता. माळ्यावर चढायची गरज पडली नाही, कणगी खालीच आणून ठेवली होती. आत हात घातला तर कोपरापर्यंत पिठाची धूळ लागली. खायचा वाल पुरता गेला होता. बियाण्याचं मडकं ती वेगळं, राखेत घालून, तोंड लिंपून ठेवायची, म्हणून पेरणीपुरतं कसंबसं वाचलं. मी तिला सगळं सांगितलं. चिलटं कोण होती, मी काय केलं, सगळं.

ती म्हणाली, "मंजे सासू बरोबर होती."

"बरोबर होती."

"तुमी मुद्दाम थोडंच केलं. पण आता ती चिलटं आणणार कुठून?"

"मी आणून देतो," मी म्हणालो.

त्या शब्दापायी पुढची दोन वर्षं मी झटलो. डोंगराकडच्या पाड्यांवर पावडर पोचली नव्हती. तिथल्या कणग्यांमधून माश्या गोळा केल्या आणि केंद्रात वाढवल्या. माश्या वाढवायच्या तर आधी भुंगे वाढवावे लागतात आणि भुंगे वाढवायला स्वच्छ कडधान्य लागतं. एका फळीवर भुंग्यांच्या बरण्या, दुसऱ्या फळीवर माश्यांच्या. तोंडाला मलमलीचं फडकं, दोऱ्यानं घट्ट बांधलेलं. माशी फार तर पंधरा दिवस जगते, तेवढ्यात तिला अळीवाला दाणा मिळाला पाहिजे. एक साखळी असते ती. मध्ये खंड पडला की सगळं पहिल्यापासून.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात सखूकाकी स्वतः केंद्रात आली. काखेत मडकं. त्या साली खाजणाचा बांध फुटून भरतीचं पाणी वालात शिरलं होतं. पीक सगळ्यांचंच बुडालं होतं. तिच्या हाती दोन-अडीच शेर बी लागलं, तेवढंच. गावात दुसऱ्या कुणाकडे त्या वालाचा दाणा नव्हता.

"घर गळतंय," ती म्हणाली. "राख ओली झाली तर हे पण जाईल. तुमच्याकडं झाकणाचे डबे हायत. कार्तिकापर्यंत ठेवाल?"

"बिनघोर जा काकी. माझ्या जिवासारखं ठेवतो."

मी राख चाळून बी पत्र्याच्या डब्यात भरलं आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. जाताना ती दारात थांबली, वळून कपाटाकडे बघितलं आणि गेली.

ऑगस्टमध्ये बरण्यांतले भुंगे उताणे पडायला लागले. भुंग्यांसाठी चवळी आम्ही बोईसरच्या एका व्यापाऱ्याकडून आणत असू. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. बोईसर स्टेशनात सिमेंट, सळ्या आणि परगावची माणसं उतरत होती आणि त्यांच्या खानावळींसाठी धान्याचे साठे होऊ लागले होते. नव्या पोत्यातली चवळी हुंगली तर तोच उग्र वास. मी दोन वर्षं पाठीवर वागवलेला. दुसरीकडून आणली, तिचीही तीच गत. आजूबाजूच्या बारा गावांत विचारून आलो. प्रत्येक घरात पावडर होती, आणि बहुतेक ठिकाणी ती मीच मारलेली किंवा मारायला शिकवलेली. डोंगराकडच्या पाड्यांची वाट ओढ्यांच्या पुरानं बंद होती.

साहेब पुण्याला बैठकीला गेले होते. जुन्या बरण्यांतल्या अळ्या माश्यांना तीन आठवडे पुरल्या असत्या. तोवर नव्या दाण्यात अळ्या तयार व्हायला हव्या होत्या, नाहीतर साखळी तुटत होती. त्याच बारा गावांना माश्या आणून देण्याचा मी शब्द दिलेला. दोन वर्षांचं काम फळीवर मरत होतं, आणि कपाटाच्या वरच्या खणात निर्धोक दाणा होता.

मी दोन दिवस त्या कपाटासमोरून ये-जा केली. मनाशी म्हणालो, अर्धंच घेऊ. अर्ध्यात तिचं वावर पेरून होईल. आणि या माश्या शेवटी तिच्याच घरी जायच्या आहेत. हे सगळं खरंही होतं. पण तिला विचारायला हवं होतं. सायकल होती, रस्ता होता, पावसानंही त्या दिवशी उघडीप दिली होती. मी गेलो नाही, कारण ती नाही म्हणेल याची मला भीती वाटत होती. इतक्या वर्षांनी तरी ते स्पष्ट लिहिलं पाहिजे.

मी डबा काढला, अर्धा वाल बरणीत ओतला, वर भुंगे सोडले आणि डबा बंद करून परत ठेवला.

साखळी टिकली. तिसऱ्या आठवड्यात त्या तांबूस दाण्यांवर माझ्या माश्या मिशा आपटत चालायला लागल्या. साहेब परत आले, बरण्या बघून खूश झाले. मी दाणा कुठून आणला हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सप्टेंबरात बारा गावांत माश्या सोडल्या. सखूकाकीच्या माळ्यावर मी स्वतः बरणीचं फडकं सोडलं. ती खाली उभी राहून वर बघत होती.

"आल्या का?"

"आल्या."

"बियाणं बरं हाय ना?"

"बरं आहे," मी म्हणालो. अर्ध्याबद्दल तेव्हाही बोललो नाही.

दसऱ्यानंतर भात कापणीला आलं आणि तिचा निरोप आला, वाल घेऊन या. मी डबा खाली काढला. झाकण उघडल्याबरोबर उबट वास आला. हात घातला तर दाणे हलके लागले. वरच भुंगे फिरत होते.

कसं झालं ते कळायला फार वेळ लागला नाही. अर्धा वाल ओतला त्या दिवशी माझ्या हातांवर, बाहीवर, टेबलावर भुंगे होते. त्यातली एखाद-दुसरी मादी डब्यात गेली असणार. मग मी झाकण घट्ट लावलं, आणि त्या झाकणामुळेच माझी एकही माशी आत जाऊ शकली नाही. मधल्या काळात डबा एकदाही उघडून पाहिला नाही. पाहायची हिंमत नव्हती म्हणा. दोन पिढ्या भुंग्यांनी त्यात काढल्या होत्या.

दुपारभर मी दाणे निवडत बसलो. भोक नसलेले ओंजळभर निघाले. ते रुमालात बांधले आणि गेलो.

ओटीवर महादू विळ्याला धार लावत होता. सखूकाकीनं रुमाल सोडला. एक एक दाणा उजेडाकडे धरून बघितला. सुरुवातीला मला वाटलं ती मोजतेय. ती पांढरे ठिपके बघत होती.

"बाकीचं?" महादूनं विचारलं.

मी सांगितलं. या वेळी काहीच गाळलं नाही.

महादूनं विळा खाली ठेवला. "आमी तुमाला माणूस समजून दिलं होतं. सात घरं पेरणीला थांबलीत. काय सांगू त्यांना? माश्यांनी खाल्लं मनून?"

"महादू," सखूकाकी म्हणाली.

"नाय आये, बोलू दे. एकदा पावडर मारून गेला, आता हे. ह्याला काय, सरकारी पगार. आपुन खाजणात काय लावायचं?"

त्याचा एकही शब्द खोटा नव्हता. सखूकाकीनं दाणे परत रुमालात बांधले आणि मला विचारलं, "विचारलं का नाय, भाऊ? मी दिलं असतं त्यातलं."

महादूचा राग मी सोसला, पण हे एक वाक्य मला अजून सोसत नाही. ती नाही म्हणेल असं मीच धरून चाललो होतो.

तिनं ते दाणे ओल्या फडक्यात घालून ठेवले. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा फडकं ओटीवर उघडं पडलेलं होतं. बहुतेक दाण्यांत आत अळी होती, उरलेले कुजले होते. एकालाही मोड नव्हता. सखूकाकी घरात नव्हती. सून म्हणाली, "आत्या खाजणात जाऊन बसल्यात. तुमी आज नका थांबू."

त्या वर्षी खाजणातली आठही वावरं भात कापल्यावर तशीच पडली. बाजारचा वाल कुणी कुणी लावून बघितला, तो पिवळा पडून गेला. हिवाळ्यातलं पीक नाही म्हटल्यावर बाप्ये कामाला बाहेर पडले. महादू तारापूरच्या बांधकामावर लागला. माझ्या माश्यांनी मात्र काम चोख केलं. पुढच्या पावसाळ्यात त्या गावांतल्या चवळी-मुगात भुंगा जाणवण्याइतका कमी झाला. साहेबांनी अहवाल लिहिला आणि शेवटच्या ओळीत माझ्या परिश्रमांचा उल्लेख केला. तो त्यांनी मला कौतुकानं वाचून दाखवला. त्या वेळी मी साहेबांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "उल्लेख काढू का?" मी म्हणालो, "काढा." त्यांनी काढला आणि त्यानंतर आम्ही दोघं पूर्वीसारखेच काम करत राहिलो.

सखूकाकीच्या घरी मी जात राहिलो, पण उंबऱ्याच्या आत फारसा गेलो नाही. ती चहा द्यायची. वालाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मी काढायचा प्रयत्न एकदा केला तेव्हा म्हणाली, "चहा थंड होतोय."

साठचं दशक संपता संपता विषारी वायूच्या गोळ्या आल्या. ताडपत्री घालून गोळ्या ठेवल्या की आठवड्यात गोदाम साफ. माश्यांचा गुण यायला पंधरा-वीस दिवस वाट पाहावी लागते. तेवढी सवड कुणाला राहिली नव्हती. आमचं केंद्र बंद झालं. मी बरण्या धुऊन पालथ्या घातल्या. साहेब पुण्याला गेले आणि माझी बदली विदर्भात झाली.

निघण्याच्या आधी कामाचे काही कागद द्यायला बोईसरला गेलो होतो. स्टेशनाबाहेर कामगारांच्या बसची रांग होती, तिच्यात महादू दिसला. हातात जेवणाचा डबा, कानशिलं पांढरी झालेली. मला वाटलं तोंड फिरवील. पण तोच पुढे आला.

"आय गेली," तो म्हणाला. "माघात."

मला कुणी कळवलं नव्हतं. कळवावं असं माझं नातंही नव्हतं. मी काहीतरी बोललो.

"तुमी गेल्यावर, मंजे ते झाल्यावर, दर साली ती बाजारातनं वाल आणायची आन् खाजणात टोचायची," महादू सांगू लागला. "मूठ-मूठ. ठिकठिकाणचा. पिवळा पडून जायचा सगळा. मी मनायचो, आये, कशाला? तर मनायची, एकांदा तरी सोसंल. जो जास्त दिस तगायचा, त्याला काठी बांधून ठेवायची."

"मग?"

"अवंदा तीन वेल धरले."

मी रांगेत त्याच्या आणखी जवळ सरकलो.

"फुलं आली, शेंगा आल्या. आय तोवर आंथरुणाला खिळलेली. मला मनायची, वाळू दे, मग तोड. मी पाळीवर. मग ती गेली, दिवस-कार्य आलं. त्यातनं मोकळा होऊन गेलो तर शेंगा तडकून खाली पडलेल्या. वर बांध फुटून भरतीचं पाणी फिरलेलं."

"एखादी तरी शेंग? दोन-चार दाणे? कुणी ठेवले असतील," मी विचारलं.

"कोन ठेवनार, भाऊ?" महादू म्हणाला. रागानं नाही, समजावल्यासारखं. "ठेवायचं काम तिचं होतं."

त्याची बस आली. तो डबा सांभाळत चढला आणि खिडकीशी बसून त्यानं मला हात केला. बस तारापूरच्या रस्त्याला लागली. मी तिथून उमरोळीला गेलो, सायकल मागून घेतली आणि खाजणावर पोचलो. ओहोटी होती. तीन काठ्या अजून उभ्या होत्या, सुतळीचे फास तसेच. मी चिखलात बसून अंधार पडेपर्यंत बोटांनी माती चाळत राहिलो. शंख-शिंपले सापडले, भाताची खुंटं सापडली. वालाचा दाणा एकही सापडला नाही.